पापुद्रा

सकाळी समुद्रावरून धुकं येतं
आणि दहापर्यंत मोन्डेसाच्या पत्र्यांवरून ठिबकत राहतं.
मग काव्हेझेरीसाहेब शटर वर करतात,
मी केस घट्ट बांधते, अंगठी काढून खिशात टाकते.
एक केस, एक कुसळ आत राहिलं
तर दहा वर्षं तिथंच राहतं,
आणि गिऱ्हाईक दहा वर्षं तेवढंच बघतं.

धंदा सांगायला सोपा.
गाडीच्या रंगावर एक पापुद्रा चढवायचा,
कांद्याला असतो तसा. हाही रडवतो,
पण बिल देताना.

आधी गाडी धुवायची, चिकणमातीच्या गोळ्यानं चोळायची,
मग तळवा फिरवायचा: डोळ्यांआधी बोटांना कळतं.
बाळाच्या शाम्पूचं पाणी शिंपडायचं.
ओली असते तोवर फिल्म सरकते, ऐकते,
बॉनेटच्या वळणावर मात्र
हट्टी पोराच्या अंगात स्वेटर घालावा तसं,
थोडं गोंजारून, थोडं दटावून.
रबरी पट्टीनं पाणी बाहेर, कड आत मुडपलेली.
दोन दिवस बुडबुडे दिसतील, मी सांगते,
आपोआप जातात, फोन करू नका.
ते फोन करतातच.

इथं शहर संपतं तिथंच डांबर संपतं.
पुढं खडी, वाळवंट, खडी,
आणि समोर कुणी असलंच
तर त्याच्या चाकाखालून सुटलेला एखादा दगड,
ज्याला कुणाशीच वैर नसतं.

हाफेनी, माझा भाऊ, खाणीतून खडी आणतो
बंदराच्या कामाला. दिवसाला चार खेपा.
रात्री एकाच भांड्यातून आम्ही ओशिथिमा तोडतो,
बाजरीचा गरम गोळा, मासळीच्या रश्शात बुडवून,
आणि तो म्हणतो, तू माझ्यामुळं जेवतेस.
मी म्हणते, सावकाश चालव, राहीन उपाशी.
हा विनोद आमच्याकडे मिठासारखा, रोज लागतो.

मंगळवारी विब्के ल्यूडर्स आल्या, दातांच्या डॉक्टर.
निळी गाडी, अकरा दिवसांची,
बॉनेटवर मधोमध टवका,
मसुराएवढा, आत राखाडी अस्तर.
कीड दाखवावी तसा त्यांनी तो
पेनच्या टोकानं दाखवला.
'खडीचा ट्रक होता. पिवळी ताडपत्री,
मागचा कोपरा फाटलेला, फडफडत होता,
कुणी निरोपाचा हात हलवावा तसा.
नंबर नाही मिळाला.'

तो कोपरा मी ओळखते.
ईस्टरपासून त्याला सांगतेय.

'धूळ असते,' मी म्हणाले,
'नंबर कुणालाच दिसत नाही.'
काडीच्या टोकानं टवक्यात रंगाचा थेंब सोडला,
वाळू दिला, घासला, पुन्हा थेंब.
वर पापुद्रा.
ठाऊक असलेल्यालाच दिसेल
इतका राहिला.
मला दिसतो.

बिलात सूट दिली. का, ते त्यांनी विचारलं नाही,
साहेबांनी विचारलं.
माझ्या पगारातून कापा, म्हटलं.

रात्री ट्रक गल्लीत उभा होता.
दाभण घेतलं, नायलॉनची दोरी,
आणि शिवणीवर चिकटवायला
दुकानात उरलेल्या फिल्मची पट्टी,
दहा वर्षं हमीची.
हाफेनी बनियनवर बाहेर आला.
'हे काय आता?'
'टॉर्च धर.'
त्यानं धरली. दाभण जाड कापडात रुतलं
की न मागता पक्कड पुढं करायचा.
बऱ्याच टाक्यांनंतर म्हणाला,
'कुठली गाडी?'
'निळी.'
उजेड जरा हलला,
मग पुन्हा शिवणीवर आला.

सकाळी धुक्यातून तो खाणीकडे गेला.
कोपरा गप्प.
मी केस बांधले, अंगठी काढली.
त्या दिवशी दोन गाड्या आल्या,
दोन्हींवर टवके,
दुसऱ्या कुणाच्या तरी भावाचे.